एका पिनेवर चाललेली ट्रॉली



जिल्हा मेळाव्याच्या अंकात कापसाचे भाव, विजेचे बिल, कर्ज आणि पीकविमा हे विषय ठरलेले असतात. त्यांची जागा कोणी घेऊ नये. तरीही या वेळी मी दोन पाने मागून घेतली आहेत, आणि ती ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मधल्या दीड हात जागेसाठी खर्च करणार आहे.

मेळाव्याला तुमच्यातले बरेच जण ट्रॉलीत बसून येतील. उतरल्यावर, मंडपाकडे जाण्याआधी, एकदा वाकून पाहा. ट्रॅक्टरच्या मागे एक हूक असतो, ट्रॉलीच्या दांड्याला एक कडे असते, आणि दोघांमधून वरून खाली सोडलेली एक पिन असते. त्या पिनेच्या खालच्या टोकाला भोक असते. भोकात लॉक हवे. तिथे बहुतेकदा बांधायची तार असते, नाहीतर वाकवलेला खिळा, नाहीतर काहीच नसते. साखळी तर शोधूनही सापडायची नाही. वर तीस-चाळीस माणसे बसलेली, त्यांत म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया. आणि खाली ही एक पिन.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझी गोष्ट सांगतो.

मी परभणीला शेतीची पदवी घेतली. शेती अवजारे आणि यंत्रे या विषयात मला चांगले गुण होते. ओढीची दिशा, भाराचा मध्य, दांड्यावर येणारा ताण, यांची गणिते मी वहीत सोडवली होती. आणि २००९ सालच्या मार्चमध्ये माझ्याच ट्रॉलीच्या पिनेला लॉक नव्हते. ते आदल्या हंगामात कुठेतरी पडले होते. दुकानात दोन चहांच्या किमतीत मिळते. आज आणू, उद्या आणू करत मी तार पिळून काम भागवले होते.

ट्रॉली दोन चाकी होती. रब्बी ज्वारीची काढणी झालेली, कडबा घरी न्यायचा होता. कडबा वजनाला हलका म्हणून रचताना आपला हात थांबत नाही. पेंढ्या मागच्या फाळक्याबाहेर चार फूट निघाल्या होत्या. माझ्या आजोबांनी ते भरताना पाहिले असते तर काठीने मला बाजूला केले असते. गाडी थोडी धुरजड असावी, पण उलाळ कधी असू नये, हे शाळेत न गेलेल्या गाडीवानालाही ठाऊक होते. उलाळ गाडी बैलाच्या मानेवरचे जू वर उचलते. बैलाला ते कळते, तो अडतो, मान झटकतो. ट्रॅक्टरला काही कळत नाही. तो ओढत राहतो.

ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला आणि चढ लागला. चढाच्या तोंडाशी खड्डा होता. ट्रॉली मागे झुकलेली, त्यामुळे दांडा हुकाला वर ढकलत होताच. खड्ड्याच्या हिसक्याने तार तुटली आणि पिन उडाली. मला आधी आवाजच आला नाही. ट्रॅक्टर एकदम हलका झाला आणि पुढे पळाला, एवढे कळले. मागे वळून पाहतो तो दांडा आभाळाकडे उभा, ट्रॉलीचा मागचा भाग जमिनीला टेकलेला, आणि पेंढ्या घसरत रस्त्यावर येत होत्या. माझा सालदार वर बसला होता, तोही पेंढ्यांबरोबर खाली आला. इथवर झाले असते तर खरचटण्यावर निभावले असते. पण कडबा सांडला तशी ट्रॉली हलकी होऊन पुन्हा आडवी झाली, आणि मोकळ्या चाकांनी उताराने मागे निघाली. चाक त्याच्या मांडीवरून गेले.

ट्रॅक्टरचा विमा होता. ट्रॉलीचा वेगळा नव्हता, आणि ट्रॉलीत माणूस बसवलेला. विमा कंपनीने एका पानाच्या पत्रात हात वर केले. त्यात त्यांची चूक काढायला मला जागा नव्हती. दवाखान्याचा खर्च मी केला. तो माणूस त्यानंतर औतामागे चालला नाही. आजही तो गावात भेटतो, बोलतो. पिनेचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही.

आता साखळी असती तर काय झाले असते? पिन उडालीच असती. दांडा थोडा उसळला असता, पेंढ्या घसरल्या असत्या, तो पडलाही असता. पण ट्रॉली ट्रॅक्टरला धरून राहिली असती आणि मागे धावली नसती. साखळीचे काम एवढेच असते. मुख्य जोड सुटला, तुटला, निसटला, तर ट्रॉली मोकळी होऊ द्यायची नाही. अपघात टाळणे तिच्या हातात नाही. झालेला बिघाड कोणाच्या अंगावर जाऊ न देणे तिच्या हातात आहे.

गंमत अशी की साखळी आपल्याला अनोळखी नाही. बंद पडलेले वाहन ओढून नेण्याला आपण टोचन म्हणतो. हा शब्द इंग्रजी ‘टो-चेन’चा आपल्या मातीत झालेला अवतार दिसतो. म्हणजे बंद पडलेल्या गाडीला, जी ताशी दहाच्या वेगाने गॅरेजपर्यंत जायची, तिला साखळी. आणि तीस क्विंटल कापूस घेऊन रात्री हमरस्त्यावर निघालेल्या ट्रॉलीला फक्त पिन.

पाश्चात्त्य देशांत हा विचार जुना आहे. अमेरिकेत मालवाहतुकीच्या वाहनांना जे संघीय नियम लागू आहेत, त्यांत दांड्याने ओढल्या जाणाऱ्या पूर्ण ट्रेलरला मुख्य जोडाखेरीज साखळी किंवा तारदोर सक्तीचा आहे. तो नियम मी वाचला तेव्हा मला त्याच्या सक्तीपेक्षा त्याची बारकाई आवडली. साखळीची ताकद किती, तर ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या भरलेल्या वजनाइतकी तरी. ती बांधायची कुठे, तर ओढणाऱ्या वाहनाच्या सांगाड्याला. हुकाला किंवा पिनेला नाही, कारण हूकच उपटला तर साखळीही त्याच्याबरोबर जाईल. ढील किती, तर वळण घेता येईल एवढीच. आणि जोड सुटल्यावर दांडा जमिनीवर पडता कामा नये, अशी ती बसवायची. ऑस्ट्रेलियात साध्या दांड्याच्या ट्रेलरला अडीच टनांपर्यंत एक साखळी आणि त्यावर साडेतीन टनांपर्यंत दोन साखळ्या लागतात. तिथल्या शेतकऱ्याची लहानशी गाडी आपल्या भरलेल्या ट्रॉलीपेक्षा हलकी असते, हे लक्षात घ्या.

दांडा जमिनीवर पडू नये, या अटीचे मर्म आपल्या रस्त्यांवर जास्त कळते. दोन चाकी ट्रॉली पुढे जड असेल आणि पिन गेली, तर दांड्याचे टोक खाली येऊन डांबरात नाहीतर खड्ड्यात रुतते. मागचे सगळे वजन त्या टोकावर उभे राहते, आणि ट्रॉली एका बाजूला फेकली जाते. चार चाकी ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिची पुढची चाके दांड्याबरोबर वळतात. दांडा सुटला की त्या चाकांना मालक उरत नाही. रस्ता जिकडे कलेल तिकडे ती जाते. समोरून मोटारसायकल येत असेल तर तिच्यावर.

थोडा हिशेब करू. चार चाकी ट्रॉलीत तीस क्विंटल कापूस धरा, ट्रॉलीचे स्वतःचे वजन दीड टन धरा. झाले साडेचार टन. ताशी पंचवीस किलोमीटरने जाणाऱ्या या वजनात जेवढा जोर असतो, तेवढाच जोर ते वजन आठ फूट उंचीवरून सोडले तर जमिनीवर आदळताना असतो. साडेचार टन, आठ फुटांवरून. दुसरा हिशेब उताराचा. वीस फुटांना एक फूट असा उतार आपल्याला उतार वाटतसुद्धा नाही. तिथे ही ट्रॉली मोकळी सुटली तर चाकांचे घर्षण वजा जाऊनही शंभर मीटरच्या आत ती पुन्हा पंचवीसचा वेग घेते. तिला ब्रेक नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. ट्रॅक्टरचे ब्रेक हेच दोघांचे ब्रेक. म्हणजे पिन गेली की ब्रेकही गेले. (जाता जाता: ट्रॉली जोडून रस्त्यावर निघताना डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडले जोडणारी पट्टी लावायची असते. ती उघडी ठेवून एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली त्याला ढकलत आडवी करते. शेतात सोडलेली पट्टी रस्त्यावर लावायची आठवण किती जणांना राहते?)

आता साखळी कोणती घ्यायची. भंगारातली गंजलेली, गुरे बांधायची, विहिरीवरची, यातली कुठलीही चालणार नाही. नायलॉनचा कासरा तर नाहीच. उन्हाने त्याची ताकद कमी होत जाते. साध्या मऊ लोखंडाची दहा मिलिमीटर जाडीची साखळी सुमारे पाच टनांना तुटते. वर केलेल्या हिशेबातल्या ट्रॉलीला ती जेमतेम काठावर येते, आणि हिसका बसला तर पुरत नाही. त्याच जाडीची ग्रेड ८० ची पोलादी साखळी मिळते. ती बारा टनांच्या पुढे तुटते. तिच्या कडीवर ठराविक अंतराने ८, ८० किंवा इंग्रजी ‘टी’ असा ठसा असतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, ठसा पाहा. कापूस, ज्वारी, सोयाबीन वाहणाऱ्या ट्रॉलीला अशा दोन साखळ्या पुष्कळ झाल्या. वाळू, विटा किंवा ऊस वाहणाऱ्याने तेरा मिलिमीटरच्या घ्याव्यात. दोन साखळ्या, चार डी-शॅकल आणि वेल्डरची मजुरी हा सगळा खर्च ट्रॉलीच्या एका नव्या टायरच्या आत बसतो.

बसवताना घाई करू नका. ट्रॉलीच्या बाजूला, दांडा जिथे सांगाड्याला येऊन मिळतो तिथे, दोन्हीकडे जाड पट्टीचे दोन कान वेल्ड करून घ्या. ट्रॅक्टरच्या बाजूला, मागच्या हौसिंगला बोल्टने बसवलेल्या जाड पट्टीवर, हुकाच्या डावीउजवीकडे वेगळी भोके हवीत. उजवी साखळी डावीकडे आणि डावी उजवीकडे, अशी फुली करून दांड्याच्या खालून न्यायची. दांड्याखाली झोळी तयार होते, आणि पिन गेली तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यावर नाही. मग ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहायचा. साखळी ताणली जाऊ नये आणि जमिनीलाही घासू नये. जास्त ढील म्हणजे जास्त हिसका. साखळी लांब आहे म्हणून गाठ मारू नका, कापून घ्या. आणि पोलादी साखळीच्या कडीला वेल्डिंग कधीच मारू नका. जिथे आच लागते तिथला पाणी दिलेला कस उतरतो आणि कडी बाहेरून शाबूत दिसत असताना आतून कच्ची होते.

एक चूक मी दोन-तीन गावांत पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. साखळी लिफ्टच्या हातांना किंवा वरच्या टॉप लिंकच्या जागी अडकवलेली होती, कारण तिथे भोक आयते सापडते. ट्रॅक्टरच्या मागच्या आसापेक्षा उंचावरून ओढ आली की पुढची चाके उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे उलथून चालकाच्या अंगावर येतो. ज्या साखळीने माणूस वाचवायचा तिनेच तो मारायचा, असे होईल. साखळी खालीच बांधायची.

आणि पिन? साखळी आली म्हणून पिनेचे लॉक विसरायचे नाही. पिन जाडीला कडाच्या भोकाशी जुळलेली हवी. नांगराचा जुना बोल्ट पिन म्हणून घालायचा नाही. त्याचे आटे झिजतात आणि झिजलेल्या आट्यापासून तो मोडतो. साखळीची दहाची कडी घासून नऊवर आली की ती बदलायची, आपल्या डोळ्यांना ती कितीही चांगली वाटो.

हे सगळे मी तालुक्याच्या बैठकांतून बोलतो तेव्हा दोन-तीन हरकती हमखास येतात. पहिली हरकत, ‘इतकी वर्षे काही झाले नाही.’ माझेही मार्च २००९ पर्यंत काही झाले नव्हते. दुसरी हरकत जास्त विचाराची आहे आणि ती जुन्या, हात बसलेल्या चालकांकडून येते. ते म्हणतात, ट्रॉली पुलावरून खाली जायला लागली, तर पिन तुटून ट्रॅक्टर वाचतो. साखळी बांधली तर ट्रॉली ट्रॅक्टरलाही खाली ओढेल. असे घडू शकते, मी नाकारत नाही. पण पिन नेमकी अशा वेळी तुटेल आणि एरवी तुटणार नाही, असा करार तिने कोणाशी केलेला नाही. पिन चढावर जाते, खड्ड्यात जाते, गतिरोधकावर जाते. म्हणजे जिथे चालकाला काही धोका नसतो आणि मागच्या माणसाला सगळा धोका असतो, तिथे ती जाते. चालकाने स्वतःच्या सुटकेची वाट राखायची आणि तिची किंमत ट्रॉलीतल्यांनी द्यायची, हे मला पटत नाही. पुलावरून खाली जाण्याचे कारण वेग आणि ओझे असते. त्यांचा इलाज वेग आणि ओझे कमी करण्यातच आहे.

ओझ्याबद्दल उघड बोलायला हवे. साखळी लावली म्हणजे आणखी दहा क्विंटल चढवायला हरकत नाही, असे समजणारा एखादा निघेलच. साखळीने ट्रॉलीला ब्रेक येत नाहीत.

तिसरी हरकत आपल्या चळवळीची आहे आणि ती मला मनापासून जवळची आहे. ‘तुम्ही साखळी साखळी म्हणता, उद्या सरकार ती सक्तीची करेल आणि नाक्यावर आणखी एक हात पुढे येईल.’ नियम आला की नाका आला, नाका आला की हात आला, हे आपण जन्मभर पाहिले आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. त्यानंतर ट्रॉल्या हलक्या झाल्या का, हे तुम्हीच मला सांगा. मला आजवर ज्यांनी अडवले त्यांनी कागद विचारले, वजन विचारले. वाकून पिन पाहिली असा एकही भेटला नाही.

म्हणून माझे मत असे. शेतकऱ्यावर आणखी एका दंडाची तलवार टांगायची मागणी आपण करू नये. सक्ती करायचीच असेल तर ट्रॉली तयार करून विकणाऱ्यावर करा. साखळीचे कान, दांड्याखालची फुली, योग्य जाडीची पिन आणि तिचे लॉक हे ट्रॉलीबरोबरच आले पाहिजे, जसे चाकाबरोबर नट येतात. आपल्या भागातल्या बऱ्याच ट्रॉल्या तालुक्याच्या ठिकाणच्या वर्कशॉपांत बनतात. ती माणसे आपलीच आहेत, कारागीर चांगले आहेत, आणि गिऱ्हाईक जे मागेल ते ते देतात. आपण आजवर मागितले काय? उंच फाळके मागितले, रुंद पाटा मागितला, मागे लाल अक्षरांत मुलाचे नाव मागितले. कान मागितले नाहीत. पुढची ट्रॉली सांगताना आधी कान सांगा आणि मग नाव.

परंतु जी ट्रॉली आज दारात उभी आहे, तिच्यासाठी कारखानदाराची किंवा सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आपण म्हणतो, सरकारने आमच्या शेतात लुडबुड करू नये, आमचे आम्ही पाहून घेऊ. बरे आहे. मग हे आपले आपण पाहायचे आहे. आपल्या ट्रॉलीत बसलेला सालदार, वेचणीच्या बाया, शाळेतून वाटेत चढलेली पोरे, यांची जोखीम आपणच उचललेली आहे. त्यांच्यातल्या कोणाला हूक कसा आहे हे विचारायची सोय नसते. वेचणीला निघालेली बाई मालकाला म्हणेल का, थांबा दादा, आधी पिन दाखवा?

यात सर्वांत जास्त धोका पत्करतात ते आपल्यातलेच, ज्यांची कोरडवाहू जमीन पोट भरत नाही म्हणून ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास बीड, केज, धारूर, पाथर्डीकडून आणि आमच्या जिंतूरच्या बाजूनेही टोळ्या निघतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. त्यांत संसाराची भांडी, पत्रे, शेळ्या, म्हातारी, तान्ही लेकरे. आणि रात्रभराचा प्रवास, घाट उतरून. दुसरी ट्रॉली पहिलीला जोडलेली असते, म्हणजे मागच्या ट्रॉलीतले कुटुंब एकाऐवजी दोन पिनांवर झोपलेले असते. कारखान्यात ऊस ओतायला जाताना त्याच ट्रॉल्यांवर कापसाच्या कितीतरी पट वजन असते, आणि तो सगळा ताण त्याच कड्यांनी, त्याच हुकांनी सोसलेला असतो. हंगामभर घासलेल्या त्या हुकावर चैत्रात तीच माणसे परत येतात. उचल ठरवताना मुकादमाशी पैशांवर तीन-तीन दिवस बोलणी चालतात. त्या बोलण्यांत एक वाक्य वाढवावे: दोन्ही ट्रॉल्यांना साखळी असेल तरच टोळी चढेल. कोयत्याला माणसे मिळत नाहीत अशी ओरड वाहतूकदार दरवर्षी करतात. अशा वेळी हे वाक्य ऐकले जाईल असा माझा अंदाज आहे. ट्रॉलीत माणसे नेणेच मुळात धोक्याचे आहे आणि विमा तिथे पाठ फिरवतो, हे मला माहीत आहे. माझ्याइतके कोणाला माहीत असणार? पण ऊसतोडीच्या कुटुंबाला एसटीने जा असे सांगणाऱ्याने पत्रे आणि शेळ्या एसटीत कशा चढवायच्या तेही सांगावे. जोवर माणसे ट्रॉलीत बसणार आहेत तोवर ट्रॉली तरी धरून ठेवू.

आता मेळाव्याचे. आपण गावोगावच्या लोकांना ट्रॉल्या भरून बोलावतो. जितक्या जास्त ट्रॉल्या तितका मेळावा मोठा, हे मोजमाप मीही अनेकदा वापरले आहे. रात्री सभा संपल्यावर त्याच ट्रॉल्या अंधारात, पेंगलेल्या चालकाच्या भरवशावर परत जातात. उद्या त्यातली एखादी सुटली, तर आपण कोणत्या तोंडाने दुसऱ्याला जबाबदार धरणार आहोत?

जिल्हा कार्यकारिणीपुढे मी ठराव ठेवला आहे. येत्या हंगामापासून आपल्या कार्यक्रमाला माणसे घेऊन येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला दोन साखळ्या असाव्यात, आणि ज्या तालुक्यातून ट्रॉल्या निघतील तिथल्या कार्यकर्त्याने निघण्याआधी वाकून पाहावे. काही सहकाऱ्यांना हे फार वाटते. त्यांचे म्हणणे, अशाने लोक येणार नाहीत. ठरावावर चर्चा मेळाव्यातच होईल; तुमचे मत तिथे मांडा, विरोधातले असले तरी मांडा.

या वेळेपुरते एवढे केले आहे. मंडपाच्या डाव्या हाताला, ट्रॅक्टर उभे राहतील तिथे, सकाळी नऊपासून आमच्या गावचा वेल्डर साखळ्या बसवलेली एक ट्रॉली घेऊन उभा असेल. फुली कशी करायची, कान कुठे ठेवायचे, ते हात लावून पाहा, माप घ्या, त्याला प्रश्न विचारा. पिनेची लॉके मी शंभर घेऊन येतो आहे. ज्याच्या पिनेत तार असेल त्याने तार माझ्या हातात द्यावी आणि लॉक घेऊन जावे. त्याचे पैसे नाहीत. साखळी मात्र ज्याची त्याने घ्यायची आहे.